घाटात तापलेली गाडी

दिवाळीनंतर गुहागरला जायचं ठरलं तेव्हा ॲपवरून स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली. घरची गाडी आम्ही ठेवलेली नाही. पुण्यात पार्किंगवरून होणारी सोसायटीतली भांडणं तेवढी वाचतात. पांढऱ्या पाटीची एक खासगी गाडी स्वस्तात मिळत होती. पण अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, म्हणून काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, म्हणजे भाड्याचा रीतसर परवाना असलेलीच घेतली. नवरा गाडी चालवत नाही, मीच चालवते. बरोबर सासूबाई होत्या.

जाताना काही झालं नाही. परतताना पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाटाचा चढ लागला आणि अर्ध्यावर डॅशबोर्डवर तापमानाचं लाल चिन्ह पेटलं. एसीतून गरम हवा येऊ लागली. जरा रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चाकाला दगड लावला. बॉनेटमधून गोडसर वास येत होता आणि खाली थारोळं साचत होतं, म्हणजे कूलंट गळत होतं. रेडिएटरचं झाकण उघडायला नवरा पुढे सरसावला, त्याला थांबवलं. तापलेल्या इंजिनाचं पाणी दाबाने थेट तोंडावर येतं.

कंपनीच्या मदत क्रमांकावरचा मुलगा आधी म्हणाला, ‘‘सरांना फोन द्या ना.’’ सरांनी फोन परत माझ्या हातात दिला. मग तो म्हणाला, ‘‘मॅडम, गाडी थंड होऊ द्या, पाणी टाका आणि हळूहळू कराडपर्यंत आणा. तिथे आमचा माणूस बघेल.’’

कराड तिथून पन्नास किलोमीटरच्या पुढे. गळकी गाडी एवढी पळवली की हेड गॅस्केट जाण्याची पुरेपूर शक्यता, आणि करारात कलम होतं: धोक्याचा दिवा लागूनही गाडी चालवल्यास होणारं नुकसान ग्राहकाने भरायचं. मी म्हटलं, ‘‘दादा, हेच मला चॅटवर लिहून पाठवा, मग निघते.’’ त्याने होल्डवर ठेवलं आणि फोन कट झाला. रेंज गेली असेल. संशयाचा फायदा त्याला देते.

रेंज आल्यावर चॅटवर सगळं मीच लिहिलं: वेळ, ठिकाण, किलोमीटरचा आकडा, दिव्याचा आणि थारोळ्याचा फोटो, तुमच्या माणसाने गाडी चालवत आणायला सांगितलं आणि मी नकार दिला, हेही. पुढे तक्रारीत हा मजकूर जसाच्या तसा जोडता आला.

एका जीपवाल्याने कोयनानगरहून मिस्त्री पाठवले. त्यांना आधीच सांगितलं की दुरुस्ती करायची नाही, फक्त बघून सांगा. परवानगीशिवाय दुरुस्ती करायला करारात मनाई होती, आणि दुसऱ्या कुणी पाना लावला की मूळ दोष कुणाचा यावर वाद घालायला कंपनी मोकळी होते. मिस्त्रींनी बॅटरी मारून वॉटर पंपाच्या कडेला धरलेली हिरवट, वाळलेली खपली दाखवली. ‘‘ताई, हे आजचं नाय. आज गळलेलं ओलं दिसतं.’’ तेच बिलावर लिहून द्या म्हटल्यावर ते कचरले. ‘‘लिहायचं कशाला, फोनवर सांगतो की.’’ सासूबाईंनी त्यांच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘लिहा हो, पोरीला उपयोगी पडेल.’’ त्यांनी लिहिलं, खाली सही केली.

टोइंगची गाडी अंधार पडल्यावर आली. आम्ही टॅक्सीने पुण्याला आलो आणि टॅक्सीवाल्याकडूनही पावती घेतली.

काही दिवसांनी मेल आली. ग्राहकाच्या वापरामुळे इंजिन तापून नुकसान झालं, सबब अनामत जप्त, वर दुरुस्तीपोटी आणखी रक्कम भरावी. मी वर्कशॉपचं बिल, बदललेल्या भागांचे फोटो, गाडीच्या सर्व्हिसिंगची नोंद मागितली. यांतलं काहीच आलं नाही. आलं ते हे: आम्ही फक्त ॲप चालवतो, गाडी दुसऱ्याच्या मालकीची आहे. भाडं यांनी घेतलं, अनामत यांच्या खात्यात, आणि गळती तेवढी दुसऱ्याची! ऑनलाइन व्यवहारांसाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार असल्या मध्यस्थ कंपनीलाही तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. त्याचं नाव ॲपमध्ये खूप खाली सापडलं. महिना उलटला तरी त्याचं उत्तर नाही.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, तक्रार पुढे पाठवून उत्तर मागते. आमच्या बाबतीत तेवढंही पुरलं. अनामत परत आली, जादा मागणी मागे घेतली गेली. वाया गेलेल्या दिवसाच्या भाड्याऐवजी मात्र पुढच्या प्रवासासाठी कूपन देऊ केलं. त्याच कंपनीची गाडी पुन्हा घ्यायला! टॅक्सीच्या पैशांना तर साफ नकार.

उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. मानसिक त्रासापोटी मोठा आकडा टाका, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटला नाही. ज्याची पावती आहे ते ठामपणे मागावं. फुगवलेल्या आकड्याने खऱ्या मागणीवरही संशय येतो. तरी त्रासापोटी थोडी रक्कम लिहिली.

आयोगाची नोटीस गेल्यावर कंपनीच्या वकिलांचा फोन आला की मिटवून टाकू. भाडं, टॅक्सी आणि मिस्त्रींचं बिल एवढे पैसे बँकेत जमा झाल्यावरच तक्रार मागे घेतली. त्रासाचे काही मिळाले नाहीत.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना दारावरच्या ओरखड्यांचे फोटो सगळेच काढतात. बॉनेट उघडायला सांगून कूलंटच्या टाकीचाही एक काढा, पातळीची खूण दिसेल असा.