जोखीम घेणारा वाचक

'एजंट' हा शब्द मराठीत फारशा सन्मानाने नांदलेला नाही. विम्याचा एजंट, जागेचा एजंट, आरटीओच्या फाटकाबाहेर बसलेला एजंट, असे त्याचे गोत. काम अडलेले असते, ज्याच्याकडे अडलेले असते त्याच्यापर्यंत आपला हात पोहोचत नाही आणि मधला माणूस पैसे घेऊन तो पोहोचवतो, एवढाच अर्थ आपण त्यातून काढतो. 'लिटररी एजंट' या संज्ञेला म्हणूनच मराठीत धड प्रतिशब्द रुळलेला नाही. 'वाङ्मयीन अभिकर्ता' म्हणावे तर ऐकणाऱ्याला हसू येते, 'दलाल' म्हणावे तर लेखकाला राग येतो.

या शब्दाचा विचार आम्हांला करावा लागला तो एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. आम्ही दोघेही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. ही मुलगी इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. आता ती एका शाळेत शिक्षिका आहे आणि शाळा सांभाळून तीन वर्षांत तिने एक कादंबरी पुरी केली आहे. कांड्या भरणारी एक बाई त्या कादंबरीची निवेदक आहे. हस्तलिखित घेऊन ती दोन-तीन ठिकाणी जाऊन आली होती. एका प्रकाशकाकडून चौदा महिने होकार नाही, नकारही नाही. दुसऱ्याने आठवड्यातच होकार कळवला. सोबत साठ हजार रुपयांचा आकडा होता, आणि दोनशे प्रती लेखिकेनेच विकत घ्याव्यात अशी अट होती. हस्तलिखिताबद्दल मात्र एक वाक्यही नव्हते. मग तिने आम्हांला विचारले, "सर, मॅडम, इंग्रजीत लेखकांना एजंट असतो म्हणे. आपल्याकडे तो कुठे शोधायचा?"

प्रश्न वरवर भाबडा वाटतो, पण तसा तो नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी एजंट नेमके काय करतो हे पाहावे लागते.

इंग्रजी साहित्यव्यवहारातला पहिला व्यावसायिक एजंट म्हणून ए. पी. वॉट या स्कॉटिश गृहस्थांचे नाव घेतले जाते. १८७५च्या सुमारास त्यांनी लंडनमध्ये हे काम सुरू केले. लेखकाच्या मिळकतीतला दहा टक्के भाग हा त्यांचा मोबदला. हार्डी, किपलिंग, कॉनन डॉइल यांच्यासारखे लेखक त्यांच्याकडे होते. प्रकाशकांना हा मधला माणूस अर्थातच खपला नाही. १८९०च्या दशकात विल्यम हायनमन या प्रकाशकाने एजंटाची संभावना बांडगूळ म्हणून केली. तरीही हा व्यवसाय वाढला, कारण एका कादंबरीतून आता अनेक हक्क निघू लागले होते. नियतकालिकात क्रमशः छापण्याचा हक्क वेगळा, पुस्तकाचा वेगळा. आणि १८९१च्या कायद्याने अमेरिकेत परदेशी लेखकांना स्वामित्वहक्क मिळाल्यावर तिथला आणखी वेगळा. लिहिणाऱ्याने लिहावे की हे हिशेब सांभाळावेत?

आज ही पद्धत बरीच नियमबद्ध झाली आहे. लेखक एक पानाचे पत्र पाठवतो, कथानकाचा सारांश आणि सुरुवातीची काही प्रकरणे जोडतो. एजंटाला रस वाटला तर तो संपूर्ण हस्तलिखित मागवतो. स्वदेशातल्या विक्रीवर साधारण पंधरा टक्के, परदेशातल्या हक्कांवर साधारण वीस टक्के. आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की प्रतिष्ठित एजंट हस्तलिखित वाचण्याचे पैसे घेत नाही. पुस्तक विकले गेले तरच त्याला काही मिळते. म्हणजे तो पदरचा वेळ घालून एका अनोळखी माणसाच्या चारशे पानांवर पैज लावतो. त्याच्या वाचनाला वजन येते ते या पैजेमुळे.

अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीची हकिकत अनेकांना ठाऊक असेल. 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'चे हस्तलिखित १९९६ साली पंकज मिश्रा यांनी वाचले. ते तेव्हा हार्परकॉलिन्सच्या भारतीय शाखेत संपादक होते. त्यांनी ते लंडनला पाठवले, आणि डेव्हिड गॉडविन हे एजंट ते वाचून विमानाने दिल्लीत आले. १९९७ साली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला बुकर पुरस्कार मिळाला. ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते. आम्हांला तीत दोन वाचक दिसतात. पहिल्याने आपला शब्द खर्च केला, दुसऱ्याने तिकिटाचे पैसे.

आता मराठीचा हिशेब मांडून पाहू. समजा, तीनशे रुपये किमतीच्या कादंबरीची पाचशे प्रतींची आवृत्ती निघाली आणि सगळी खपली. दहा टक्क्यांनी लेखकाचे मानधन झाले पंधरा हजार रुपये. त्यावर एजंटाचे पंधरा टक्के, म्हणजे दोन हजार दोनशे पन्नास. आवृत्ती खपायला दोन-तीन वर्षे लागली तर एवढ्या पैशांत त्याचे टपाल आणि फोन तरी भागतील काय? मराठीत एजंट का नाही, याचे उत्तर संस्कृतीत शोधण्याआधी या बेरजेत शोधावे.

परंतु पैज लावणारा वाचक मराठीला अपरिचित नव्हता. हे काम आपल्याकडे संपादक आणि प्रकाशक करीत. 'सत्यकथा' आणि मौज यांच्या संदर्भात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावे आपण वर्गात घेतो ती याचसाठी. हस्तलिखित वाचायचे, शंका काढायच्या, पुनर्लेखन करून घ्यायचे आणि मग ते स्वतःच्या खर्चाने छापायचे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली देशमुख आणि कंपनीने काढली तेव्हा लेखक पंचविशीत होता आणि कादंबरी रूढ साच्यात कुठेच बसत नव्हती. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' मौजेने १९७४ साली प्रसिद्ध केली, तीही सोपी विक्री नव्हती.

या काळाचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. ते दार सर्वांना उघडत नव्हते. १९६९ साली लघुअनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, त्यामागे 'साभार परत'चा साधा राग नव्हता. कोणाची भाषा वाङ्मय ठरते, हा प्रश्न होता. कांड्या भरणाऱ्या बाईची बोली त्या दारातून आत गेली असती की नाही, हे आज सांगता येत नाही. मात्र नकार देणाराही तिथे हस्तलिखित वाचत होता. साठ हजारांचा होकार पाठवणाऱ्याला त्याची गरज नसते, कारण त्याची कमाई पुस्तक छापण्याआधीच झालेली असते.

विद्यार्थिनीला काय सांगावे, यावर आम्हां दोघांत मतभेद झाला. एकाचे म्हणणे, ओळखीच्या प्रकाशकाला शिफारसपत्र द्यावे; तालुक्याच्या गावातल्या लेखिकेकडे दुसरे साधन काय आहे? दुसऱ्याचे म्हणणे, प्राध्यापकाच्या शिफारसपत्राला किंमत नसते, कारण पुस्तक पडले तरी पत्र लिहिणाऱ्याचे काही जात नाही. आठवडाभर वाद चालला. शेवटी ठरले की पत्राआधी काम करायचे. आम्ही दोघांनी हस्तलिखित स्वतंत्रपणे वाचले आणि तिला अकरा पानांचे टिपण दिले. पहिली साठ पाने निम्म्यावर आणावीत, सायझिंगच्या कारखान्याचे प्रकरण काढावे, असे त्यात होते. पहिली सूचना तिने मानली. दुसरीवर म्हणाली, "मॅडम, त्या वाफेत माझी आई दहा वर्षं उभी होती. ते प्रकरण राहणार." ते राहिले, आणि पुनर्लेखनानंतर ते कादंबरीतले सर्वोत्तम प्रकरण झाले आहे.

मध्यंतरी तिने आणखी एक मार्ग सुचवला होता. आधी इंग्रजी अनुवाद करवून घ्यावा आणि एजंट तिकडेच गाठावा. मोह समजण्यासारखा आहे. गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि'च्या डेझी रॉकवेल यांनी केलेल्या अनुवादाला २०२२ साली, आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या अनुवादाला २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. भारतीय भाषांतल्या पुस्तकांकडे बाहेरचे लक्ष वळले आहे, हे चांगलेच झाले. पण 'रेत समाधि' २०१८ साली हिंदीत आली होती, आणि बानू मुश्ताक कन्नडमध्ये अनेक दशके लिहीत होत्या. दोघींचे पहिले वाचक त्यांच्या भाषेतलेच. परभाषेतल्या एजंटाला नजरेसमोर ठेवून मराठी कादंबरी लिहिली, तर तिच्यातले 'सायझिंग', 'बीम', 'कांडी' हे शब्द पहिल्या पानापासून स्वतःचा अर्थ समजावून सांगू लागतील. ती बाई मग बोलणार नाही, माहिती देईल.

साठ हजारांच्या प्रस्तावाला तिने नकार कळवला. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची योजना आहे, तिचे नियम ती पाहते आहे. सुधारलेले हस्तलिखित एका लहान प्रकाशकाकडे गेले आहे. शिफारसपत्राऐवजी आम्ही आमचे टिपणच सोबत जोडले, तिने नाकारलेल्या सूचनेसकट. तिकडून दोन पानी पत्र आले: बोलीबद्दल सात प्रश्न, शेवटाबद्दल एक हरकत. पैशांचा उल्लेख नाही, होकारही नाही.

आमच्या वर्गांत दरवर्षी एखादा विद्यार्थी तरी कादंबरी लिहीत असतो. अशांना आम्ही आता एकच सांगतो. पुस्तक काढून देतो म्हणणारा कोणीही भेटला, एजंट, प्रकाशक, संपादक किंवा आमच्यासारखे प्राध्यापक, तर त्याला नम्रपणे विचारावे: हे पुस्तक चालले नाही, तर तुमचे काय जाईल?

शेवटाबद्दलच्या त्या हरकतीवर सध्या ती काम करते आहे.