येणे, देणे, दिले

पाडव्याच्या सकाळी ओवाळून झालं, फराळाच्या बशा आत गेल्या, की मी लॅपटॉप उघडून बसतो. घरातल्यांना हे ठाऊक आहे. त्या तासाभरात मला कुणी हाक मारत नाही. बँकेतली शिल्लक, मुदत ठेवी, पीपीएफ, प्रॉव्हिडंट फंड, म्युच्युअल फंड. प्रत्येकाचा त्या दिवशीचा आकडा घ्यायचा आणि ज्याच्या त्याच्या रकान्यात भरायचा. मग खाली देणी : घराचं कर्ज किती उरलं, कुणाचं काही द्यायचं राहिलंय का. वरच्यातून खालचं वजा केलं की जे उरतं त्याला हल्ली नेट वर्थ म्हणतात. माझे वडील, अण्णा, त्याला नुसतं ‘शिल्लक’ म्हणत, आणि पानाच्या डोक्यावर ‘श्री’ घातल्याशिवाय ती लिहीत नसत.

२००५च्या पाडव्यापासून मी हे करत आलोय. एका वर्षाची एक ओळ. एवढ्याशा ओळीत वर्ष मावतं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, मावतं. फक्त वाचायला वेळ द्यावा लागतो. एका ओळीत मुलीच्या जन्माचा खर्च आहे. एका ओळीत कर्जाचा आकडा एकदम फुगलेला दिसतो, ते घर घेतल्याचं वर्ष. एका ओळीत मुदत ठेव मोडलेली आहे, ते अण्णांच्या शेवटच्या आजारपणाचं.

पाडवा धरला तो अण्णांमुळेच. आमचं काही दुकान नव्हतं, अण्णा साताऱ्याला सरकारी कचेरीत कारकून. पण व्यापारी लक्ष्मीपूजनाला वही पुजतात आणि पाडव्याला नव्या वहीत लिहायला लागतात, तसं आपणही वर्षातून एकदा आपल्या घराकडे व्यापाऱ्याच्या नजरेनं पाहावं, असं त्यांना वाटे. यात एक गंमत पुढे माझ्या लक्षात आली. पाडवा ते पाडवा हे वर्ष सारख्या लांबीचं नसतं. २०२२चा पाडवा २६ ऑक्टोबरला होता आणि २०२३चा १४ नोव्हेंबरला. मध्ये अधिक श्रावण येऊन गेला होता, म्हणून ते वर्ष ३८४ दिवसांचं झालं. पुढचा पाडवा २ नोव्हेंबर २०२४ला, म्हणजे ३५४ दिवसांनी. दोन्ही वर्षांचा परतावा शेजारी शेजारी ठेवून कुठलं बरं गेलं हे ठरवणं म्हणजे तेरा महिन्यांचा पगार बारा महिन्यांच्या पगाराशी ताडून पाहणं. म्हणून मी प्रत्येक रकमेपुढे तिची तारीख लिहितो आणि एक्सआयआरआर नावाच्या सूत्राला विचारतो. कुठल्या दिवशी किती पैसे घातले, कुठल्या दिवशी किती काढले आणि आज किती आहेत, एवढं सांगितलं की ते सूत्र वर्षाचा खरा दर काढून देतं. अमुक रकमेचे तमुक झाले, एवढ्यानं काहीच कळत नाही. किती काळात झाले, आणि त्यातले आपण स्वतःच मधूनमधून घातलेले किती, हे कळल्याशिवाय वाढ कशाला म्हणायची?

वर्षातून एकदाच पाहण्याचं मोल मला दोन वर्षांनी शिकवलं. २००८च्या जानेवारीत सेन्सेक्सनं २१,००० ओलांडले होते, आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत तो ९,००० च्या आसपास येऊन बसला होता. त्या पाडव्याला माझी ओळ आदल्या वर्षीपेक्षा लहान होती. वर्षभर हप्ते भरूनही लहान! तो आकडा लिहिताना हात थांबला होता, पण लिहिला. दुसरं वर्ष २०२०चं. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळला आणि २६,००० च्याही खाली गेला. ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं. पण माझ्या वहीत ती पडझड नाहीच. २०१९च्या दिवाळीत सेन्सेक्स ३९,००० च्या आसपास होता, २०२०च्या दिवाळीत ४३,००० च्या वर. दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत ते अख्खं वादळ येऊन गेलं. रोज पाहणाऱ्यानं ते रोज सोसलं असणार.

अण्णा २०११ साली गेले. बँकांच्या भेट डायऱ्यांमध्ये ते हिशेब लिहीत, आणि प्रत्येक डायरीच्या शेवटच्या पानावर ‘कुठे काय आहे’ अशी यादी असे. पोस्टातली खाती, पावत्यांचे नंबर, विमा, कपाटाच्या कुठल्या खणात कुठली किल्ली. त्या एका पानावर आमची सगळी कामं पार पडली. दहा वर्षं कुणी विचारलं नाही की ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. अशा बेवारस ठेवी शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेला २०२३ साली ‘उद्गम’ नावाचं पोर्टल काढावं लागलं, इतक्या घरांत ते शेवटचं पान लिहायचं राहून गेलेलं असतं. आपल्या मागे राहणाऱ्यांना शोधाशोध करायला लागू नये, हीसुद्धा माया करण्याचीच एक रीत आहे असं मला वाटतं.

२०२४च्या उन्हाळ्यात साताऱ्याचं घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून त्या डायऱ्या खाली आल्या. त्यांच्यात अण्णांचं पीपीएफचं जुनं पासबुक होतं. एप्रिल १९८६ला उघडलेलं खातं, २००२ला मुदत पुरी झालेली. दर वर्षी ३,००० रुपये, आणि तारीख पाहावी तर एप्रिलची दोन, तीन नाहीतर चार. महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे पडले तरच त्या महिन्याचं व्याज मिळतं, हा नियम त्यांना पाठ होता. पगार झाला की पहिल्या आठवड्यातच ते रजा टाकून पोस्टाच्या रांगेत उभे राहत. पाचवीत असताना मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. घरी येताना त्यांनी मला विचारलं, ‘पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील?’ मी गप्प. म्हणाले, ‘बहात्तरला व्याजाच्या दरानं भाग. बारा टक्के, सहा वर्षं.’ आज पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. त्याच भागाकाराला आता दहा वर्षं लागतात.

त्या रात्री मी पासबुकातल्या सगळ्या नोंदी तारखांसकट लॅपटॉपमध्ये भरल्या. अण्णांच्या पैशाचा खरा दर काय होता, हे मला पाहायचं होतं. सूत्रानं उत्तर दिलं : साडेअकरा टक्क्यांच्या किंचित वर. सोळा वर्षांत घातलेले ४५,१००, हाती आलेले एक लाख तीस हजारांच्या घरात. महागाईनं त्यातलं किती खाल्लं तो हिशेब वेगळा. आयकर खात्याचा महागाईचा निर्देशांक २००१-०२ला १०० धरला तर २०२४-२५ला ३६३ भरतो. म्हणजे त्या एक लाख तीस हजारांची पत राखायची तर २०२४-२५ला पावणेपाच लाखांच्या आसपास लागत होते. आकड्याशेजारी साल नसेल तर तो आकडा मुका असतो, हे मला त्या रात्री नीट उमगलं.

पण माझी नजर अडली होती ती ४५,१०० वर. तीन हजारांच्या पाढ्यात हे शंभर कुठून आले? नोंद सापडली. ३ एप्रिल १९९२ : १०० रुपये. खातं चालू राहण्यापुरती तेव्हाची कमीत कमी रक्कम. त्यापुढच्या वर्षी पुन्हा ३,०००.

आधी मनात आलं ते शेअरचं. तो एप्रिल सगळ्यांच्या लक्षात आहे. वर्षभरात सेन्सेक्स तिपटीहून वर जाऊन २२ एप्रिलला ४,४६७ वर पोचला होता, आणि दुसऱ्याच दिवशी हर्षद मेहता प्रकरणाची बातमी छापून आली. अण्णांनाही मोह पडला असेल का? मी पासबुकाच्या व्याजाच्या रकान्यावर बोट फिरवत गेलो आणि एका जागी थांबलो. १९९१-९२चं व्याज २,९२१ रुपये, तीन हजारांहून थोडं कमी. १९९२-९३चं ३,२८४. म्हणजे ज्या वर्षी अण्णांच्या हातून फक्त शंभर रुपये पडले, नेमक्या त्याच वर्षी खात्यातल्या पैशानं पहिल्यांदाच त्यांच्या नेहमीच्या हप्त्याहून जास्त कमावलं होतं. सहा वर्षं त्यांनी खात्याला ओढलं होतं. सातव्या वर्षी ते अडले तर खातं त्यांना ओढून पुढे घेऊन गेलं. चक्रवाढ व्याजाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. ते डोळ्यांनी पाहिलं त्या रात्री, पोस्टातल्या कारकुनाच्या निळ्या शाईत.

सकाळी १९९१ आणि १९९२च्या डायऱ्या काढल्या. शेअरचं नावही नव्हतं. एप्रिलपासून दर महिन्याच्या पगाराखाली एक ओळ होती : ‘पतपेढी – जामीन – २४०.’ बाराही महिने. अण्णा कचेरीतल्या एका सहकाऱ्याला पतपेढीच्या कर्जासाठी जामीन राहिले होते. ते गृहस्थ अचानक वारले, आणि उरलेल्या कर्जातला अण्णांच्या वाट्याचा भाग त्यांच्या पगारातून कापला जाऊ लागला. बारा महिन्यांचे २,८८०. मार्च १९९२च्या पानावर त्यांनी बेरीज मांडली होती. अण्णांच्या वहीत रकाने ठरलेले असत, येणे आणि देणे. ही बेरीज येण्यात जायला हवी होती. ती तिथे नव्हती. पानाच्या तळाशी, दोन्ही रकान्यांच्या बाहेर, आकडा लिहून त्यापुढे एकच शब्द होता : ‘दिले.’

मी आईला ते पान दाखवलं. ‘हे येणं होतं ना गं? त्या सहकाऱ्याच्या बायकोकडून हळूहळू घेता आलं असतं.’

आईनं चष्मा लावला, अक्षरावरून हात फिरवला. म्हणाली, ‘मीपण तेव्हा हेच विचारलं होतं. म्हणाले, येणं लिहिलं की दर महिन्याला पान उलटताना ते दिसणार. मग ती मंडईत भेटली की माझ्या तोंडावर तिला तो आकडा दिसणार. तिला आधीच काय थोडं आहे का?’

थोड्या वेळानं ती पुढे म्हणाली, ‘ती येत राहिली रे आपल्याकडे. संक्रांतीला, चैत्रातल्या हळदीकुंकवाला. येणं असतं तर आली नसती.’

त्या वर्षी खात्यात न पडलेल्या २,९०० रुपयांचे २००२पर्यंत आठ हजार सातशे झाले असते, हे मी रात्रीच काढून ठेवलं होतं. आईच्या बोलण्यानंतर तो आकडा मी खोडला नाही. तो बरोबर आहे, आणि माहीत असावाही. तारखा घालून, महागाई वजा करून, एक रुपया इकडचा तिकडे होऊ न देता हिशेब ठेवायचा तो कशासाठी, याचं उत्तर मला त्या पानाच्या तळाशी मिळालं. आपलं किती आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसालाच ‘दिले’ हा शब्द ठामपणे लिहिता येतो. अण्णांनी तो उदारपणाच्या भरात लिहिला नव्हता. बारा महिने कपात सोसली, घर चालतंय हे पाहिलं, खातं शंभर रुपयांवर जिवंत ठेवण्याची तजवीज केली, आणि मग लिहिला.

माझ्या तक्त्यातही एक येणं होतं. ६०,००० रुपये. २०२०च्या टाळेबंदीत शाळेतल्या एका मित्राची खानावळ बंद पडली तेव्हा त्याला दिले होते. चार पाडवे मी ती रक्कम इमानानं येण्यात धरत आलो, आणि चारही वर्षांत आमचं बोलणं आटत गेलं. फोन उचलला की तो आधी पैशांचंच बोलायचा. पुढे पुढे उचलेनासा झाला. त्या रकमेशिवाय माझं काही अडलेलं नव्हतं. वीस ओळी समोर होत्या, त्या तसं स्वच्छ सांगत होत्या.

२ नोव्हेंबरच्या पाडव्याला मी तक्त्यात, येणे-देणे या रकान्यांच्या बाहेर, एक नवी ओळ घातली आणि ते ६०,००० तिथे आणून ठेवले. खालची शिल्लक तेवढ्यानं उतरली. मग त्याला फोन लावला. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला.

‘अरे, ते पैशांचं मी तुला –’

‘त्याचा हिशेब मी आज मिटवला. ते दिले, असं लिहून टाकलंय. तू सांग, पोरगी कितवीत गेली तुझी?’

पलीकडे फटाक्यांचा आवाज येत होता. तो कितीतरी वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘दहावीत.’