मत्स्यपेटींतील विरजण

घरीं मासे पाळणाऱ्या गृहस्थास पाणी स्वच्छ दिसण्याची जितकी हौस असते, तितकी तें माशांस मानवण्याची असतेच असें नाहीं. गाळणी उघडून आंतला काळपट, बुळबुळीत स्पंज पाहिला कीं त्याचा हात आपोआप नळाकडे वळतो. स्पंज नव्यासारखा होतो, पाणी स्फटिकासारखें चमकतें, आणि कांहीं दिवसांनीं मासे वर येऊन धापा टाकूं लागतात.

माशांच्या कल्ल्यांतून अहोरात्र अमोनिया पाण्यांत उतरत असतो आणि तो डोळ्यांस दिसत नाहीं. त्याचें आधीं नायट्राइट व मग पुष्कळ अंशीं निरुपद्रवी असें नायट्रेट करणारे जंतु त्या बुळबुळींतच वस्ती करून असतात. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन नेमका त्यांच्या जिवावर उठतो.

आम्ही महाविद्यालयांत शिकवितों इंग्रजी, रसायन नव्हे. तरी या विद्येचा इतिहास एकाच घराण्यांत गुंफलेला पाहून आम्हांस मौज वाटली. लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० च्या सुमारास मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाण्याचा समतोल साधला. पुढें त्यांच्याच नांवाच्या त्यांच्या पुत्रानें रोथॅमस्टेड येथें दाखविलें कीं, अमोनियाचें नायट्रेट होतें तें दोन टप्प्यांनीं. ते जंतु वेगळे काढण्याचें यश मात्र १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांस लाभलें. दोन्ही टप्पे एकटाच उरकणारा जंतु तर २०१५ सालीं उजेडांत आला.

आमच्याकडील पेटी कन्येची. शिक्षणासाठीं परगांवीं जातांना ती दोन सोनमासे आमच्या स्वाधीन करून गेली. रविवारच्या दूरध्वनीवर तिचा पहिला प्रश्न माशांविषयीं, दुसरा आईविषयीं. आमचा क्रम तिसरा. यंदा स्पंज भुसभुशीत होऊन त्याचे कण सुटूं लागले. दुकानदार म्हणाला, सगळा संचच बदलून टाका. सौभाग्यवतींसहि तें पटलें.

“अहो, तो कुजका तुकडा कशाला जपतां?”

आम्ही वॉरिंग्टनपासून विनोग्राड्स्कीपर्यंत सारी परंपरा निवेदन केली. त्या भाजी निवडीत ऐकत होत्या. शेवटीं म्हणाल्या, “मग विरजणच म्हणा कीं! एवढें लांबण कशाला?”

याहून नेमका शब्द आम्हांस सुचला नसता. फरक इतकाच कीं, दही एका रात्रींत लागतें. येथें महिना-दीड महिना जातो. म्हणून नवा स्पंज जुन्याच्या शेजारींच बसविला. चिनीमातीच्या कड्यांस हातहि लावला नाहीं. कापूस खुशाल फेकावा; कोळशाचीं छिद्रें भरलीं कीं त्याचें काम संपतें, तोहि बदलावा. स्पंज मात्र पेटींतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यांत दोनदां पिळून परत ठेवावा. तें तपकिरी पाणी आमच्याकडे जास्वंदीस जातें, आणि जास्वंदीची त्याविषयीं कांहीं तक्रार नाहीं.

सहा आठवड्यांपैकीं चौथा काल संपला. तपासणीच्या नळींत अमोनियाचे थेंब टाकले. पाणी पिवळेंच राहिलें, हिरवट छटा आली नाहीं. दोघेहि मासे तळच्या वाळूंत तोंड खुपसून कांहीं तरी हुडकीत होते. कन्येस तसें कळविलें आहे.