ताटाची डावी बाजू

मराठी ताटात कोशिंबिरीची जागा डावीकडे, मीठ-लिंबू-चटणीच्या शेजारी. अकोल्याच्या घरी आई पौषात कोवळे मटार वाफवी, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट दह्यात घाली; दही आंबट निघाले तर साय घोटून मिसळी. वर हिंग-जिऱ्याची फोडणी. मीठ मात्र पाने घेताना, नाहीतर पाणी सुटते.

आई (एकाची आई, दुसरीची सासू; हा भेद आता उरलेला नाही) हल्ली अमरावतीला आमच्याकडे असते. आमची नावे तिला आठवत नाहीत. यंदा कोशिंबीर प्रथमच आम्ही केली. घाईने मटार गरमच घातले, दह्याला पाणी सुटले. तिने चव घेतली, बोलली काहीच नाही. फक्त आम्ही उजवीकडे ठेवलेली वाटी सावकाश डावीकडे सरकवली.