तवा चालतो

“कढई चढवायची नाही. तवा चालतो,” आई म्हणाली आणि विषय मिटला.

विषय काढला होता माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने. 2024 ची दिवाळी. वडील त्याच वर्षी चैत्रात गेले, म्हणून बहीण लेकीची शाळा बुडवून न्यू जर्सीहून कर्जतला आली होती. वर्षश्राद्ध होईपर्यंत आमच्याकडे सणाचं तळण होत नाही. चकल्या, करंज्या, शंकरपाळे शेजारच्या घरांतून येतात. डबे आपले, फराळ दुसऱ्यांचा. भाचीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की 31 ऑक्टोबरला हॅलोवीन आहे, तिच्या मैत्रिणी चेटकिणींचे झगे घालून दारोदार चॉकलेटं गोळा करणार आहेत, आणि त्या दिवशी सकाळी तिच्या घरी भोपळ्याचे पॅनकेक होतात. “दर वर्षी होतात, मामा. ऑलवेज.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. 31 ऑक्टोबर, गुरुवार: नरकचतुर्दशी, अभ्यंगस्नान. दोन्ही सण एकाच चौकोनात येऊन बसले होते.

मला आधी घारगे सुचले. भोपळा किसायचा, तुपावर वाफवायचा, त्यातच गूळ विरघळवायचा आणि गार झाल्यावर मावेल तेवढी कणीक घालायची. पाण्याचा थेंब नाही. किती कणीक ते भोपळा ठरवतो. मग थापून, खसखस लावून तळायचे. पण तळायचे म्हणजे कढई आली. तेव्हा आईने वरचा निकाल दिला. घारगे नाहीत, पण घावन चालतील. दुःखाच्या वर्षात आमच्याकडे कढई आणि तवा यांच्यामधून एक रेघ जाते. भाचीचा पॅनकेक नशिबाने रेघेच्या अलीकडे पडला.

त्यांना विमानतळावरून आणताना पनवेल ओलांडून चौकला आत वळलो होतो. कर्जतच्या त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भातकापणी चालली होती. हळवं भात केव्हाच खळ्यावर गेलेलं, गरवं अजून उभं, कापलेल्याचे भारे बांधावर. मधूनमधून फार्महाऊसची फाटकं. एका फाटकावर हॅलोवीनच्या पार्टीचा फलक आणि दात काढलेला नारिंगी प्लॅस्टिकचा भोपळा होता. त्याच्यामागे दोन शेतं सोडून एका घराच्या कौलांवर खरा वेल चढला होता आणि पानं करपून गेल्यामुळे त्याचे भोपळे उघडे पडले होते. भाचीने प्लॅस्टिकचा पाहिला. कौलांवरचे दाखवले तर म्हणाली, “ते दगड आहेत.”

डावीकडे इर्शाळगडाचं नेढं दिसत होतं. बहिणीने गाडीची काच खाली केली, काही बोलली नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या डोंगराची कड खाली वाडीवर आली. शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं मातीतच राहिली होती. बातमी तिने तिकडे पहाटे फोनवर वाचली होती. डोंगर मात्र त्यानंतर पहिल्यांदाच पाहत होती. पुढचा बराच वेळ गाडीत कोणी बोललं नाही.

भोपळा कर्जतच्या बाजारात मिळाला. आश्विनात डोंगरपट्टीच्या ठाकरिणी गोणपाटावर माल मांडून बसतात: अळू, कारली, पिवळ्या पडलेल्या जून काकड्या, दिवाळीपुरती कारिटं आणि रांगेने भोपळे. भाची पहिल्या भोपळ्यापाशीच अडली. “हा ऑरेंज नाहीये.” नव्हताच. आपला तांबडा भोपळा बाहेरून तांबडा असतोच असं नाही. हा चपटा होता, खोल फाका पडलेला, मातकट हिरवा, अंगावर राख फासल्यासारखा. ठाकरीण हसली. “वरचा रंग नको बघूस, बाय. देठ बघ.” देठ लाकडासारखा वाळला होता. तिने सालीत नख रुतवायचा प्रयत्न केला. नख रुतलं नाही. “पावसावर वाढलाय. वैशाखापर्यंत टांगून ठेव, काय होणार नाय.”

हे खरं आहे. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या आढ्याला शिंक्यात भोपळे टांगलेले असत. लहानपणी अंधारात पाणी प्यायला गेलो की वर कोणीतरी डोकी लटकावून ठेवल्यासारखी वाटत. आमचं हॅलोवीन ते. त्यावर उतारा म्हणून आजी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगायची. लेकीकडे जाताना म्हातारीला जंगलात वाघ भेटतो, त्याला ती परतीचा वायदा देते आणि येताना भोपळ्यात बसून त्याच्या नाकासमोरून निघून जाते. त्यामुळे भोपळा भीतीचा की सुटकेचा, याचा माझा निर्णय अजून झालेला नाही.

आख्ख्या भोपळ्याला पहिला वार घरातल्या पुरुषाने करायचा, अशी आमच्याकडे रीत. तो वडील करायचे. कोयता फाकीच्या खोबणीत ठेवून वरवंट्याचा एकच ठोका, मग विळी आईची. बुधवारी संध्याकाळी कोयता माझ्या हातात आला. पण भाचीला दोन फाळ्या नको होत्या. तिला देठाभोवतीचं झाकण गोल कापून हवं होतं, म्हणजे आत दिवा ठेवता येईल. आईने मान हलवली, चालेल म्हणून. साल एवढी टणक की मनगट दुखून आलं. झाकण निघालं आणि भाची ओरडली. आत पेटल्यासारखा नारिंगी रंग होता. तिच्याकडचे भोपळे बाहेरून रंगीत आणि आतून फिके असतात. हा उलटा निघाला.

गर तिने चमच्याने खरवडला, बिया आईने कागदावर वाळत घातल्या. मग दोन डोळे, नाक आणि तोंड कोरणं झालं. दात नीट जमले नाहीत, त्यामुळे चेहरा भीतिदायक होण्याऐवजी कवळी विसरलेल्या माणसासारखा दिसायला लागला.

हा भोपळा आपला म्हणावा तर आपला नाही. मेक्सिकोत ओआहाका प्रांतातल्या एका गुहेत भोपळ्याच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या. आपल्या किनाऱ्याला तो बहुधा पोर्तुगिजांबरोबर लागला. याच रायगड जिल्ह्यात चौल-रेवदंड्याला त्यांनी 1521 पासून तळ ठोकला होता. त्याआधीच्या जुन्या ग्रंथांतला भोपळा म्हणजे दुध्या नाहीतर तुंबा. तिकडे आयर्लंडमध्ये हॅलोवीनचा कंदील सलगमाचा असे. आयरिश माणसं अमेरिकेत गेली आणि तिथे त्यांना हे मोठं, कोरायला सोपं फळ मिळालं. म्हणजे ते लोक भोपळ्याकडे गेले आणि आपल्याकडे भोपळाच चालत आला. येऊन बसला तो थेट पितरांच्या पानात. भाद्रपदात वडिलांचं भरणी श्राद्ध झालं तेव्हा आमसुलाची चटणी, गवार, कारलं, वडे, खीर यांच्या पंक्तीत तांबड्या भोपळ्याची भाजी होतीच. ती नसती तर आईने पान वाढलं नसतं.

मृतांच्या सणाला दोन्हीकडे भोपळाच का, याचं उत्तर साधं असावं. तो तेव्हा पिकतो. पावसाळा ओसरला, धान्य घरात यायला लागलं की देण्यासारखं काहीतरी हाताशी असतं, आणि तेव्हाच गेलेल्यांना बोलवायला तोंड राहतं. आषाढात, कणग्या तळाला गेलेल्या असताना, कोण कोणाला जेवायला बोलावणार?

गुरुवारी पहाटे चारला उठलो. उटणं, कढत पाणी, अंधारात दूर घाटाकडे निघालेल्या गाडीची शिट्टी. तुळशीपुढे भाचीने डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं. पहिल्यांदा ते टुणकन पळालं, दुसऱ्यांदा फुटलं. बी जिभेला लावल्यावर तिचं तोंड आदल्या रात्रीच्या भोपळ्यासारखं झालं. कारीट आणि भोपळा एकाच कुळातले. कुळाच्या अंगात मुळातला कडूपणा असतो. माणसाने गोड बिया निवडून पेरत पेरत भोपळ्यातून तो काढून टाकला, कारिटात तसाच राहू दिला. म्हणून एक नरकासुर झाला आणि दुसरा न्याहारी.

पिठाची बैठक आदल्या रात्रीच झाली होती. बहिणीच्या फोनवरच्या कृतीत मैदा, अंडी, बेकिंग पावडर आणि कपांची मापं होती. आई म्हणाली, अंडं आज नको. मैदाही गेला, आमच्या शेतातल्या तांदळाचं पीठ आलं, आणि ते एकटं तुटेल म्हणून त्यात मूठभर कणीक. भोपळ्याचा गर वाफवून घोटलेला, त्यात किसलेला गूळ, मीठ, आंबट ताक आणि चिमूटभर खायचा सोडा. बहिणीने तिकडून ‘पंपकिन स्पाइस’ची बाटली आणली होती. आईने झाकण उघडून वास घेतला. “अगं, हा चहाचा मसाला आहे.” दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. खरंच होता. आपल्या समुद्रातून गेलेला मसाला जग फिरून बाटलीत बसून माहेरी आला होता. आईने त्यातला अर्धा चमचा घेतला आणि वर आपलं जायफळ किसलंच.

“कप किती, आजी?” भाची वही घेऊन बसली होती.

“मावेल तेवढं.”

भाचीने वहीत काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

बिडाचा तवा चुलीवर तापला. आईने नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावर फिरवली. पहिला घावन चिकटला. पहिला नेहमीच चिकटतो, तो तव्याचा. उलथण्याने खरवडून काढलेले त्याचे तुकडे तिने पानावर घालून कुंपणाशी ठेवले. दुसरा सुटला. कडेने आधी सुकला, मधे बारीक जाळी पडली, गुळाच्या ठिपक्यांनी तळ तांबूस झाला आणि स्वयंपाकघरात भोपळ्याचा तो जरासा मातीचा, जरासा भाजक्या रताळ्याचा वास भरला. मेपल सिरप नव्हतं; काकवी होती. भाचीने पहिला घास घेतला, विचार केला आणि म्हणाली, “हे पॅनकेक नाहीत.” मग पाच खाल्ले. शेजारून आलेली चकलीही तिने त्यांच्यात गुंडाळून पाहिली. हा शोध मात्र तिचा स्वतःचा.

कुंपणाशी कावळा आला नाही. साळुंक्या आल्या, त्यांनी पान साफ केलं. मी आईकडे पाहिलं. “आज कशाला येईल कावळा?” ती म्हणाली. “जेवणं भाद्रपदात झाली. आता त्यांची जायची वेळ.”

हे मी विसरलो होतो. लहानपणी चतुर्दशीच्या संध्याकाळी आजोबा वाळक्या काटक्यांची चूड पेटवून अंगणात दक्षिणेकडे धरायचे. शास्त्रात त्याला उल्कादान म्हणतात. महालयात यमलोक सोडून घरी आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून तो उजेड. बंगालात याच तिथीला भूत चतुर्दशी म्हणतात. चौदा पालेभाज्या खातात आणि चौदा पणत्या लावतात. वसईची ख्रिस्ती माणसं 2 नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावतात. आश्विन-कार्तिकाच्या या अंधाऱ्या पंधरवड्यात उजेड धरून उभी असलेली माणसं पुष्कळ. आपण एवढंच केलं की दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. पितर येतात तेव्हा पानात भोपळा आणि जातात तेव्हा हातात दिवा, मधे महिनाभराचं अंतर. भाचीच्या गावाला तेवढा वेळ नसावा. त्यांनी दिवा भोपळ्यातच ठेवला.

संध्याकाळी भाचीने भोपळा ओट्यावर आणून रस्त्याकडे तोंड करून ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना भीती वाटावी म्हणून. सण नव्हता, तरी आकाशकंदील लावला होता; आई म्हणाली होती, सण नाही म्हणून अंधारात बसायचं नसतं. भोपळ्यात पणती ठेवली. जाड गर आतून तापला, डोळ्यांतून आणि दातांच्या फटींतून उजेड बाहेर आला, आणि जिथे साल खरवडून पातळ झाली होती तिथे सगळी फाक मधासारखी उजळली. रस्त्याने दोन पोरं गेली. घाबरली नाहीत, हसली. भाची जरा खट्टू झाली आणि आत गेली.

परवा, धनत्रयोदशीला, आईने कणकेचा दिवा वात दक्षिणेकडे करून ओट्याच्या टोकाला ठेवला होता, यमासाठी. त्याचा तेलाचा गोल डाग अजून फरशीवर होता. आई गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि भोपळा दोन्ही हातांनी सरकवत त्या डागावर नेऊन ठेवला. मग रस्त्याकडचं त्याचं तोंड तिने हळूहळू दक्षिणेकडे वळवलं. वात हलली नाही.

मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, “शेवटी शेवटी ह्यांना रात्रीचं नीट दिसत नव्हतं.”