कुरूप

तळपायाला टणक गाठ होते, चालताना खिळ्यासारखी टोचते. तिला आपली माणसं कुरूप म्हणतात. माझ्या उजव्या पायाला आहे. सूतगिरणीत आठ तास रिंग फ्रेमपुढं येरझाऱ्या. धागा तुटला की जोड, पुन्हा चाल. बसायला स्टूल नाही.

वैद्यानं नाव सांगितलं, कदर. मग वाचनालयातून सुश्रुतसंहितेचं भाषांतर आणलं. ही पुस्तकं आपल्यासाठी लिहिलेली नव्हती, म्हणून जरा सावकाशच वाचलं. निदानस्थानाच्या १३व्या अध्यायात, क्षुद्ररोगांत कदर आहे. क्षुद्र म्हणजे किरकोळ. किरकोळ कुणाला? खडा रुततो, काटा भरतो, मेद आणि रक्त बिघडतं, बोराएवढी गाठ होते. उपाय असा: शस्त्रानं उपटा, तापल्या तेलानं डागा. दोस्तांनो, हे घरी करू नका, मधुमेह असलेल्यांनी तर नाहीच.

लिहिणाऱ्यानं पाय नीट बघितलाय, हे कबूल. आजचा डॉक्टरही म्हणतो, दाब आणि घर्षण यांनी कातडी जाड होते. सॅलिसिलिक अ‍ॅसिडची पट्टी लावून ती मऊ करतात, काढतात. दाब तसाच राहिला की कुरूप परत हजर.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, ५व्या अध्यायात, पायताणाचे गुण दिलेत. पायाची दुखणी टळतात, डोळ्यांना बरं, अंगात बळ येतं. वाचून हसू आलं. ढोरानं कातडं कमावलं, चांभारानं वहाण शिवली, आणि कितीतरी गावांत आपल्याच माणसांना वरच्या आळीतून जाताना ती हातात घ्यावी लागली. माझा आजाही तसाच गेला. शास्त्राला काटा दिसला. काट्यावरून अनवाणी कुणाला चालवलं, ते पुस्तकात नाही.

पण त्याच सुश्रुताच्या उत्तरतंत्रात, पहिल्याच अध्यायात एक सूत्र आहे, निदानपरिवर्जन. थोडक्यात उपचार म्हणजे रोगाचं कारण टाळणं. हे मात्र मी उचललं. चांगली गोष्ट कुणाच्याही पोथीतली असो, घ्यायची आणि आपल्या कामाला लावायची.

सुपरवायझरला स्टूल मागितलं, तर म्हणाला, "पायाला मलम लाव." १९४८च्या फॅक्टरी कायद्यात कलम ४४नं उभ्यानं राबणाऱ्यांना बसायची सोय लिहून दिली होती. पाऊणशे वर्षं उलटली, आमच्या खात्यात स्टूल आलं नाही. गेट मीटिंगच्या मागण्यांत मी दोन ओळी घातल्यात: प्रत्येक फ्रेममागं एक स्टूल, आणि वर्षाला मऊ तळाच्या बुटांचा एक जोड. खाली सतरा सह्या झाल्यात.