आकाशातून शिरगणती

बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्याकडे मेळघाट-ताडोब्यासारख्या जंगलांत प्राणिगणना होते. पाणवठ्याशेजारी मचाण बांधायचे, त्यावर जीव मुठीत धरून बसायचे आणि चांदण्यात पाण्यावर येईल त्या जनावराची नोंद करायची. एका वर्षी मीही हौसेने त्यात सामील झालो. रात्रभर जागून माझ्या खाती जमा झाली ती चार रानडुकरे, एक सांबर आणि अगणित डास! घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्यासाठी रात्र जागवलीत?"

माझी रात्रच गेली. मिखाएल ग्झिमेक या जर्मन तरुणाचा अशाच मोजदादीत प्राण गेला.

त्याचे वडील बर्नहार्ट ग्झिमेक हे पशुवैद्य आणि फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक. आफ्रिकेतल्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि सेरेंगेटी या विस्तीर्ण अभयारण्याच्या सीमा बदलण्याचा घाट घातला जात होता. पण त्या माळावर जनावरे किती आणि ती ऋतूंबरोबर कुठे कुठे जातात, हे धड कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा या बापलेकांनी विमान चालवायला शिकून घेतले, डॉर्निअर जातीचे एक छोटे विमान मिळवले, त्यावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे रंगवले आणि जर्मनीहून थेट आफ्रिका गाठली!

१९५८ साली मोजणी झाली. जमिनीपासून थोड्याशाच उंचीवरून, माळाचे पट्टे पाडून, शेतात नांगर फिरवावा तसे विमान फिरवायचे आणि खालचे कळप मोजायचे. उंच गेले तर जनावरे ओळखू येत नाहीत आणि खाली आले तर चुकीला जागा उरत नाही. उंचावर काही बिघडले तर वैमानिकाला सावरायला चार क्षण मिळतात. अशा सर्वेक्षणात तेवढेही मिळत नाहीत. बापलेकांच्या हिशेबात ३,६६,९८० मोठी जनावरे भरली. कागदावर आखलेल्या नव्या हद्दी कळपांना मान्य नाहीत, हेही दिसून आले.

१० जानेवारी १९५९ रोजी मिखाएल एकटाच विमानात होता. उडता उडता एक गिधाड विमानाच्या पंखावर आदळले, विमानाचा ताबा सुटला आणि ते माळावर कोसळले. मिखाएल जागीच गेला. वय अवघे चोवीस!

गिधाडाने विमान अडवले म्हटले की आपल्याला जटायू आठवतो. पण तिथे न्याय स्पष्ट होता: विमानात रावण होता. इथे विमानात होता तो पाखरांचा आणि जनावरांचा कैवारी. त्या बिचाऱ्या गिधाडाला तरी काय ठाऊक? तेही आपल्या पोटामागे निघालेले.

मागे एक गृहस्थ मला भेटायला आले. त्यांचा मुलगा आमच्या कॉलेजात विज्ञान शाखेला. त्याला जंगलात राहून प्राण्यांचा अभ्यास करायचा होता. "सर, तो तुमचं ऐकतो. त्याला समजवा. एकुलता एक आहे हो!" मी ही ग्झिमेकची हकीकत त्यांना सांगायला निघालो आणि मध्येच थांबलो. ती नेमकी कोणाच्या बाजूची, हेच मला कळेना. मीही एका मुलाचा बाप आहे.

बरे, त्या आकड्याने सेरेंगेटी वाचली म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. १९५९ सालीच गोरोंगोरोचा मुलूख उद्यानातून वेगळा काढला गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या मसाई लोकांना सेरेंगेटीतून बाहेर पडावे लागले. उद्यानात माणसाची वस्ती नको, या मताचे स्वतः ग्झिमेकही होते. मसाईंच्या दुःखाला त्यांच्या हिशेबात रकाना नव्हता. मोजणीतले आकडेही पुढच्या अभ्यासकांना अपुरे वाटले. तिथल्या वाइल्डबीस्टची संख्या बापलेकांनी लाखाच्या आसपास मोजली होती. ती पुढे तेरा लाखांच्या घरात गेली. त्याचे मोठे श्रेय गुरांना बुळकांडीची लस टोचणाऱ्या अनाम माणसांचे. गुरांमधला रोग हटला आणि रानातली वासरे जगू लागली.

पण ही वाढ कळली कशामुळे? कोणीतरी आधी एकदा मोजले होते म्हणून. पहिला मोजणारा चुकतोच. पण त्याच्या चुकीवर बोट ठेवून दुसरा पुढे सरकतो. अभ्यासाची परंपरा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, "त्याला जाऊ द्या. पण काळजी करू नका, असं मात्र मी म्हणणार नाही." ते काही न बोलता उठले. मुलगा गेला. अधूनमधून त्याचे पत्र येते. वडिलांनाही येत असावे.

मिखाएलला गोरोंगोरोच्या प्रचंड विवराच्या काठावर पुरले. बर्नहार्ट यांनी अपुरे राहिलेले पुस्तक आणि चित्रपट पुरे केले. चित्रपटाला १९६० साली ऑस्कर मिळाले. मुलाच्या पश्चात ते अठ्ठावीस वर्षे जगले, आणि ज्या भूमीने मुलगा नेला तिच्याकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. १९८७ साली ते वारले, तेव्हा त्यांची रक्षा त्याच काठावर, मुलाशेजारी ठेवण्यात आली. खालच्या विवरात आजही कळप चरत असतात.